'द वायर'ची डिजिटल वर्गणी : एका ठाणेकर वर्गणीदाराचे परीक्षण

लंडनहून निघणाऱ्या 'द वायर' या इंग्रजी संगीतमासिकाची वर्गणी ठाण्यातल्या वाचकाने कशासाठी भरावी, हा प्रश्न रास्त आहे. गडकरी रंगायतनात नाटके रंगतात, पं. राम मराठे यांच्या नावाचा संगीत समारोह ठाणेकर आवर्जून ऐकतात; पण सिंथेसायझरवर तासभर एकच स्वर धरून बसणाऱ्या वादकाला आपल्या शहरात कोणी तारीख देईल असे वाटत नाही. शिवाय निव्वळ ऐकायचेच असेल तर प्रायोगिक आणि इलेक्ट्रॉनिक संगीताचा मोठा साठा मोबाइलवर हात घालताच मिळतो. तरीही या वर्गणीचे पैसे वसूल होतात असे माझे मत आहे, आणि त्याचे श्रेय ताज्या अंकांपेक्षा जुन्या अंकांना अधिक आहे.

हे मासिक 1982 मध्ये अँथनी वूड आणि क्रिसी मरे यांनी जॅझ आणि उत्स्फूर्त वादनासाठी सुरू केले. नावही सॅक्सोफोनवादक स्टीव्ह लेसी यांच्या एका रचनेवरून घेतले. पुढे इलेक्ट्रॉनिक संगीत, हिप-हॉप, नॉइज (गोंगाटातूनच घडवलेले संगीत), ध्वनिकला अशी एकेक दारे उघडत गेली. 2000 च्या अखेरीस मासिकात काम करणाऱ्यांनीच ते मालकाकडून विकत घेतले. ज्यांच्या तबकड्या मोजक्याच खपतात अशा कलावंतांना मुखपृष्ठावर बसवण्याची मोकळीक या मासिकाला आहे, ती मालकी अशी स्वतःच्या हातात असल्यामुळेच असावी.

डिजिटल वर्गणी भरल्यावर चालू अंकाबरोबर 1982 च्या पहिल्या अंकापासूनचा सगळा संग्रह संकेतस्थळावर आणि अ‍ॅपवर खुला होतो, आणि त्यात शब्द टाकून शोध घेता येतो. ही शोधाची सोय हाच या वर्गणीचा प्राण आहे. समजा, जॉन हॅसेल या अमेरिकन ट्रम्पेटवादकापासून सुरुवात केली. कोलोनला श्टॉकहाउझेन या जर्मन संगीतकाराकडे शिकलेला हा माणूस नंतर पंडित प्राणनाथ यांच्या तालमीत गेला आणि त्यांच्या गळ्यातली मींड ट्रम्पेटवर उतरवू पाहू लागला. प्राणनाथ हे किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांचे शिष्य; 1970 मध्ये ते अमेरिकेला गेले आणि ला माँट यंग, टेरी रायली या तिथल्या प्रयोगशील संगीतकारांनी त्यांचा गंडा बांधला. म्हणजे हॅसेलच्या धूसर, इलेक्ट्रॉनिक प्रक्रिया केलेल्या ट्रम्पेटपासून निघालेला वाचक दोन-तीन लेखांत थेट किराणा घराण्यात येऊन पोहोचतो, ज्या घराण्याचे नाव सवाई गंधर्व आणि भीमसेन जोशी यांच्यामुळे इथल्या घराघरात ठाऊक आहे.

गाणी ऐकवणारी अ‍ॅप्स असा प्रवास सहसा घडवत नाहीत. तुम्ही जे ऐकले त्यासारखेच दिसणारे आणखी काही ती पुढे करतात, त्यामुळे ड्रोन, म्हणजे एकच स्वर लांबवत नेणारे संगीत, ऐकणाऱ्याच्या वाट्याला ड्रोनच येत राहतो. 'द वायर'चे लेखक मात्र कोण कोणाकडे शिकले, कोणी कोणाच्या खोलीवर कोणते यंत्र पाहिले, कोणत्या स्टुडिओत कोणाची गाठ पडली याची वंशावळ मांडतात. घराणी, तालीम आणि बंदिशींचा उगम यांवर तावातावाने वाद घालणाऱ्या मराठी रसिकाला ही पद्धत मुळीच परकी वाटू नये. (ज्यांच्या घरी रियाजाच्या वेळी इलेक्ट्रॉनिक तंबोरा चालू असतो, त्यांनी तर 'आम्हाला यंत्राचा आवाज सोसत नाही' असे म्हणूच नये.)

या मार्गाने वाचत गेले की आपल्याच आसपासच्या गोष्टीही हाती लागतात. मुंबईच्या चित्रपटसंगीतात वादक म्हणून काम केलेल्या चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये रोलंड कंपनीच्या टीआर-808 आणि टीबी-303 या यंत्रांच्या ठेक्यावर ज्युपिटर-8 सिंथेसायझरने दहा राग वाजवून तबकडी काढली होती. तेव्हा तिच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. 2010 मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली, आणि शिकागोच्या 'अ‍ॅसिड हाउस' या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताच्या काही वर्षे आधीच हा आवाज मुंबईत निघाला होता, याची चर्चा सुरू झाली. त्याहून जुनी कथा अहमदाबादची. तिथल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत 1969 मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर बसवून स्टुडिओ उभा केला. गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर आदींनी तिथे केलेल्या रचनांच्या फिती पुढे ब्रिटिश कलावंत पॉल पुर्गस यांनी शोधून काढल्या आणि 2023 मध्ये त्या प्रकाशित झाल्या. आपल्या वृत्तपत्रांच्या पुरवण्यांनी या दोन्ही गोष्टींवर खरे तर पानेच्या पाने लिहायला हवी होती.

मासिकातले माझे सर्वांत आवडते सदर 'इन्व्हिजिबल ज्यूकबॉक्स'. त्यात मुलाखत घेणारा कलावंताला एकामागून एक ध्वनिमुद्रणे ऐकवतो, पण ती कोणाची ते सांगत नाही. मग अंदाज बांधले जातात, काही साफ चुकतात, आणि त्या चुकांमधून तो कलावंत नेमके काय ऐकतो ते उघडे पडते. कोणी आधी ठेक्याकडे वळतो, कोणी स्टुडिओच्या घुमाऱ्याकडे, कोणी केवळ ध्वनिमुद्रणाच्या काळाकडे. आपल्याकडच्या ख्यालगायकांना असेच बसवून जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकवाव्यात आणि जे बोलतील ते जसेच्या तसे छापावे, असे हे सदर वाचताना मला हमखास वाटते.

आता उणिवा. परीक्षणांचा विभाग दाट आहे; पानभर लहान-लहान मजकूर, अनोळखी नावांची गर्दी आणि वाचकाला पूर्वपीठिका ठाऊक आहेच असे गृहीत धरणारे इंग्रजी, यांमुळे नवा माणूस तिथे लवकर दमतो. दुसरी अडचण वाचनाच्या साधनाची. अ‍ॅपमध्ये पान छापील अंकात दिसते तसेच दिसते, त्यामुळे ठाण्याहून सकाळी सुटलेल्या फास्ट लोकलमध्ये एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तीन रकाने मागेपुढे सरकवणे म्हणजे शिक्षाच. घरी टॅब्लेटवर किंवा लॅपटॉपवर हीच पाने सुखाने वाचता येतात. छापील अंक देखणा असतो आणि वर्षातून काही वेळा त्याच्यासोबत 'द वायर टॅपर' ही नव्या संगीताची सीडी येते. पण परदेशी टपालखर्च धरता ती हौस महागात पडते, आणि सीडी वाजवायचे यंत्र आता किती घरांत उरले आहे?

केवळ सिंथेसायझर आणि त्यांवर वाजवणाऱ्यांविषयी सोप्या भाषेत वाचायचे असेल, तर ब्रिटनमधूनच निघणारे 'इलेक्ट्रॉनिक साउंड' अधिक जवळचे वाटेल. ते प्रसन्न आहे, पण मला त्याचा आवाका तोकडा वाटतो.

'द वायर'ची वर्गणी घेणाऱ्याने ताज्या अंकापासून सुरुवात करू नये. आधी संग्रहातले 'प्रायमर' हे सदर शोधावे. त्यात एखाद्या कलावंताच्या किंवा प्रवाहाच्या महत्त्वाच्या तबकड्या क्रमाने समजावून दिलेल्या असतात, आणि एकेक तबकडी शोधून ऐकत वाचले तर एक लेख आठवडाभर सहज पुरतो. मग ज्यूकबॉक्सच्या मुलाखती वाचाव्यात. परीक्षणांची पाने त्यानंतर उघडली तरी चालतील. तोवर त्यांतली निम्मी नावे ओळखीची झालेली असतील.