पुन्हा वाचायचं की पुस्तक मिटून आठवायचं?

सोलापुरातल्या कुठल्याही अभ्यासिकेत दोन तऱ्हेची मुलं दिसतात. एक, हायलायटरनं पिवळं केलेलं पान चौथ्यांदा वाचणारी; दुसरी, पुस्तक मिटून छताकडे बघत पुटपुटणारी. अभ्यासू वाटतात ती पहिली.

पुन्हा वाचलं की मजकूर ओळखीचा होतो, आणि ओळखीचं म्हणजे ‘येतंय’ असं मन धरून चालतं. पण रोज सिद्धेश्वराच्या दर्शनाला जाणाऱ्याला देवळाचं चित्र न बघता काढायला सांगा! ओळखणं वेगळं, आठवणं वेगळं.

रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांना उतारे देऊन हेच तपासलं. पुन्हा वाचणाऱ्यांना ५ मिनिटांनंतर ८१ टक्के आठवलं, न बघता आठवून लिहिणाऱ्यांना ७५. आठवड्यानंतर पारडं फिरलं: ४२ विरुद्ध ५६.

म्हणजे पेपर तासाभरावर असेल तर वाचा खुशाल. त्याहून लांब असेल तर मी पुस्तक मिटतो. सुरुवातीला हे कोरडी कडक भाकरी चावल्यासारखं वाटतं, अर्धं आठवत नाही, चिडचिड होते. अडलेलं तेवढं उघडून बघायचं, पुन्हा मिटायचं. मुळात काही समजलंच नसेल तर मात्र आधी नीट वाचण्याला पर्याय नाही.