वर्षभराची वर्गणी आणि नाहीशी होणारी तारीख: हस्कीजच्या रिक्रूटिंग-बातम्यांचा वापरानंतरचा अनुभव

१२ जानेवारी २०२५ ला माझ्या कार्डावरून ९९ डॉलर परस्पर वळते झाले, म्हणून हे लिहायला बसलो आहे. वर्षापूर्वी हीच सेवा, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये कोणता खेळाडू कुठल्या विद्यापीठात जातो (रिक्रूटिंग) याच्या बातम्या देणारे संकेतस्थळ, मी ४९ डॉलरांत घेतली होती आणि दुप्पट दराने नूतनीकरण करण्यापूर्वी कंपनीने एका ओळीची ईमेल पाठवावी, एवढीच माझी अपेक्षा होती. आमच्याकडे गणपतीची वर्गणी मागायला येणारी मुलेसुद्धा आधी विचारतात आणि नंतर पावती देतात. कंपनीचे नाव देत नाही. ज्यांनी अशी वर्गणी भरली आहे त्यांना ती वर्णनावरून ओळखू येईल. या सेवेत काय असते, हेही तपशिलाने सांगत बसत नाही. खेळाडूंना गुणवत्तेनुसार दिलेले तारे, ट्रान्सफर पोर्टलचा (विद्यापीठ बदलू पाहणारे खेळाडू जिथे नाव नोंदवतात त्या यादीचा) तक्ता, प्रशिक्षकांच्या बातम्या, आणि कुठला मुलगा कुठल्या विद्यापीठात जाईल याचा टक्केवारीतला अंदाज, हा सगळा संच वाचकांना ठाऊक असेलच.

ही सेवा घेण्याचे कारण मात्र सांगायला हवे. मी सिएटलच्या उत्तरेला राहतो आणि माझी मुलगी युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये शिकते, त्यामुळे शनिवारी हस्कीजचा, म्हणजे तिच्या विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा, सामना पाहणे हा आमच्या घरी आता रिवाज झाला आहे. ८ जानेवारी २०२४ रोजी ह्यूस्टनमध्ये राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात मिशिगनने आम्हाला ३४-१३ असे हरवले. ते पचवायला एक हिवाळा पुरेल असे वाटत होते, पण दोनच दिवसांनी अलाबामा विद्यापीठाचे प्रशिक्षक निक सेबन निवृत्त झाले आणि १२ तारखेच्या शुक्रवारी आमचे प्रशिक्षक केलन डीबोअर त्यांच्या जागी निघून गेले. दोन वर्षांत २५ विजय आणि फक्त तीन पराभव असा हिशेब मागे ठेवून हा माणूस गेला. बाहेर कडाक्याची थंडी पडली होती, नळ गोठू नयेत म्हणून मी सिंकखालचे कपाट उघडून तिथे दिवा लावत होतो, आणि ओट्यावर फोन सारखा थरथरत होता. पोर्टलमध्ये कोण कोण नाव घालणार, नवा प्रशिक्षक कोण येणार, काहीच कळत नव्हते. त्या अस्वस्थतेच्या भरात, बोटांना अजून पाणी असताना, मी ४९ डॉलर भरले. शांत डोक्याने मी कधीही भरले नसते, आणि या सेवेची जाहिरात नेमकी त्याच दिवशी माझ्यासमोर का आली, हे न समजण्याइतका मी भोळा नाही.

पहिला महिना पैसे वसूल झाल्यासारखा वाटला, हे कबूल करतो. रविवारी, १४ तारखेला, ॲरिझोनाहून जेड फिश नवे प्रशिक्षक म्हणून आले. प्रशिक्षक बदलला की त्या संघातल्या खेळाडूंना ३० दिवस पोर्टल खुले राही, असा तेव्हा नियम होता आणि त्या ३० दिवसांत आमच्या संघाची अक्षरशः पांगापांग झाली. सेंटर पार्कर ब्रेल्सफर्ड आणि रिसीव्हर जर्मी बर्नार्ड हे डीबोअर यांच्यामागे अलाबामाला गेले, कॉर्नरबॅक जब्बार मुहम्मद तर थेट आमच्या कट्टर प्रतिस्पर्ध्याकडे, ओरेगनला गेला, आणि ही गोष्ट आमच्या घरी आजही मोठ्याने बोलली जात नाही. मिसिसिपी स्टेटहून येणार असलेला क्वार्टरबॅक विल रॉजर्स हा डीबोअर जाताच पोर्टलमध्ये गेला आणि नंतर परतून आमच्याकडेच राहिला. फिश यांच्यामागोमाग ॲरिझोनातून रनिंग बॅक जोना कोलमन, कॉर्नरबॅक इफिशन्स प्रायसॉक आणि शाळेतून नुकताच निघालेला क्वार्टरबॅक डेमंड विल्यम्स ज्युनियर आले. आयपीएलच्या लिलावात निदान हातोडा पडतो आणि आकडा सर्वांसमोर येतो. इथे सौदा कुठे, कधी आणि कितीला झाला, हे बाहेरच्या माणसाला कळायला मार्गच नाही.

मार्चमध्ये माझा उत्साह ओसरू लागला, कारण मी फुकट्या बातम्यांशी तुलना करायला घेतली. विद्यापीठाचे ॲथलेटिक डायरेक्टर (क्रीडा विभागाचे प्रमुख) ट्रॉय डॅनन सहा महिनेही न काढता नेब्रास्काला गेले आणि त्यांच्या जागी वॉशिंग्टन स्टेटहून, म्हणजे आमच्या सख्ख्या वैऱ्याच्या घरातून, पॅट चन आले. हे दोन्ही मला माझ्या सशुल्क सेवेच्या आधी मुलीकडून कळले, आणि ती एक छदामही मोजत नाही. ‘ताजी बातमी’ म्हणून सूचना येई, ती उघडावी तर पुन्हा लॉगिन मागे, आणि मी पासवर्ड आठवेपर्यंत तीच बातमी खेळाडूच्या किंवा विद्यापीठाच्या स्वतःच्या खात्यावर झळकलेली असे. जी गोष्ट दोन तास थांबल्यास फुकट मिळते, तिच्यासाठी पैसे मोजणे आमच्या घराण्यात बसत नाही.

हे सगळे मी सोडून दिले असते. मला अजूनही खुपते ती एक बारीक गोष्ट, जिची तक्रार आणखी कोणी केलेली मला दिसलेली नाही. अंदाजांच्या पानावर प्रत्येक मुलाच्या नावापुढे एक बाण आणि टक्केवारी असते. अंदाज बदलला की बाण फिरतो, टक्केवारी नवी होते आणि खाली ‘अद्ययावत: आज’ असे उमटते, पण जुना अंदाज काय होता आणि तो कोणत्या दिवशी केला होता, ही नोंद पूर्णपणे नाहीशी होते. आमच्या संघाच्या यादीत असलेल्या एका बचावपटूच्या नावापुढे एप्रिलभर ‘वॉशिंग्टन, ९० टक्के’ असे मी रोज वाचत होतो. एका मंगळवारी संध्याकाळी तो बाण दुसऱ्या विद्यापीठाकडे वळला आणि बुधवारी सकाळी मुलाने तिकडेच जात असल्याचे जाहीर केले. त्या मुलाच्या पानावर आज पाहिले, तर अंदाज शंभर टक्के बरोबर ठरल्याची हिरवी खूण दिसते. (मुलाचे नाव लिहीत नाही. तो तेव्हा सतरा वर्षांचा होता आणि त्याने कोणाचेही काही वाईट केलेले नाही.)

त्या दिवसापासून मी एक आखीव वही केली. दिनांक, खेळाडू, अंदाज आणि प्रत्यक्ष असे चार रकाने पाडले आणि रोज रात्री जेवणानंतर पाच मिनिटे त्यात नोंद करू लागलो. शाळकरी खेळाडूंनी विद्यापीठाशी करारावर सही करण्याचा दिवस त्या वर्षी आधीच्या वर्षापेक्षा लवकर, ४ डिसेंबर २०२४ ला होता. तोवर माझ्या वहीत ३१ नोंदी झाल्या होत्या आणि त्यांतल्या ११ ठिकाणी अंदाज शेवटच्या दोन दिवसांत फिरवलेला होता. संकेतस्थळावर त्या अकराही ठिकाणी हिरवी खूण आहे. अंदाज चुकतात याबद्दल माझे काहीच म्हणणे नाही. सतरा वर्षांच्या मुलाचे मन आईवडिलांना कळत नाही, तिथे पत्रकाराला काय कळणार? पण वेधशाळेने पाऊस पडून गेल्यावर कालचा अंदाज खोडून ‘पाऊस’ असे लिहावे आणि त्या सेवेचे पैसे घ्यावेत, हे मला पटत नाही.

ग्राहकसेवेला मी यावर तीनदा लिहिले. पहिल्या उत्तरात ब्राउझरची साठवलेली माहिती पुसून पाहा असे सांगण्यात आले. दुसऱ्या पत्रात मी वहीच्या दोन पानांची छायाचित्रे जोडली, त्यावर ‘आपल्या उत्साहाबद्दल आभार’ असे उत्तर आले. तिसऱ्या पत्राला उत्तर आले नाही, मात्र त्यानंतर मला मित्रांना सदस्य करून घेण्याची सवलत-योजना आठवड्याला एकदा येऊ लागली.

इथवरचा मजकूर मी ऑगस्टमध्ये कच्चा लिहून ठेवला होता (पहिला परिच्छेद आणि वहीची शेवटची बेरीज तेवढी नंतर भरली) आणि तेव्हा पाचपैकी दीड तारा द्यायचे ठरले होते. ३१ ऑगस्टला वेबर स्टेटविरुद्धच्या पहिल्या सामन्याने माझे मत थोडे बदलले, म्हणून तेही प्रामाणिकपणे नोंदवतो. हस्की स्टेडियमच्या वरच्या मजल्यावर आम्ही बसलो होतो, खाली तलावात नावा नांगरून लोक खातपीत होते, आणि मैदानात जो संघ आला त्यातले निम्मे चेहरे शेजारच्या प्रेक्षकांना परके होते. मागे बसलेले एक गृहस्थ दर खेळीला ‘हा कोण?’ असे बायकोला विचारत होते. मुलीने मलाही तेच विचारायला सुरुवात केली, “बाबा, हा कुठला?” आणि माझ्या लक्षात आले की मला बहुतेक उत्तरे येत होती. कोलमन मूळचा कॅलिफोर्नियातल्या स्टॉक्टनचा आणि दोन हंगाम ॲरिझोनाला खेळलेला, प्रायसॉक कोणाच्या शब्दावर आला, लाइनबॅकर कार्सन ब्रूनर पांगापांगीतही का महत्त्वाचा ठरला, हे मी घडाघडा सांगत गेलो. सामना आम्ही ३५-३ असा जिंकला. परतीच्या रेल्वेत मुलगी म्हणाली, “पुढच्या वेळी मित्रमैत्रिणींनाही तुमच्याजवळ बसवते.” या एका वाक्याची किंमत किती धरायची, हे मी अजून ठरवलेले नाही.

याचे श्रेय बाण आणि टक्केवारीला मुळीच नाही. त्याच सेवेतल्या एका कोपऱ्यात, तीन टिचक्या मारल्यावर सापडणारा, एका लेखकाने हाताने केलेला तक्ता आहे. खेळाडू कोण, मूळचा कुठला, कॉलेजात खेळण्याच्या पात्रतेची किती वर्षे उरली, तेव्हाच्या नियमातल्या ८५ शिष्यवृत्त्यांपैकी किती भरल्या आणि कुठल्या जागेवर माणूस कमी आहे, हे तो दर सोमवारी सुधारतो आणि जुना तक्ता खाली तसाच ठेवतो, तारखेसकट. बॅकअप क्वार्टरबॅक, तिसरा टॅकल, अतिरिक्त किकर यांची नोंद त्याने ज्या निगुतीने केली आहे, ती मला आमच्या सोसायटीच्या जुन्या सचिवांची आठवण करून देते. हा तक्ता वर्षाला वीस डॉलरांत वेगळा विकला, तर मी आनंदाने घेईन. या कामाला मुखपृष्ठावर जागा नाही आणि बाणाला आहे, एवढ्यावरून या धंद्यात काय खपते ते दिसते.

प्रशिक्षकांबाबत एक जास्तीची तक्रार नोंदवतो, कारण माझ्या मते सेवेतली सर्वांत मोठी उणीव तीच आहे. खेळाडूंसाठी बाण आहे, प्रशिक्षकांसाठी नाही. वास्तविक एक प्रशिक्षक हलला की पंधरा-वीस मुले हलतात, हे २०२४च्या जानेवारीने आम्हाला शिकवले होते. फिश यांनी बचावासाठी न्यू इंग्लंड पेट्रियट्स या व्यावसायिक संघातून स्टीव्ह बेलिचिक यांना आणले आणि आक्रमणासाठी ॲरिझोनातले आपले सहकारी ब्रेनन कॅरोल यांना. पहिल्याचे वडील बिल बेलिचिक, दुसऱ्याचे पीट कॅरोल, दोघेही नावाजलेले प्रशिक्षक. डिसेंबरमध्ये बिल यांनी नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षकपद स्वीकारले, त्या दिवशी चहा घेतानाच मी आणि मुलीने ‘आता स्टीव्ह जाणार’ असे म्हटले आणि मी ते वहीत तारखेसह लिहिले. हंगाम संपताच स्टीव्ह गेले, आणि त्यांच्या जागी पर्ड्यूचे माजी मुख्य प्रशिक्षक रायन वॉल्टर्स आले. जानेवारीअखेरीस पीट कॅरोल रेडर्स या व्यावसायिक संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि ब्रेनन यांनीही वडिलांची वाट धरली. एकाच संघाचे दोन्ही कोऑर्डिनेटर (बचाव आणि आक्रमण सांभाळणारे प्रशिक्षक) एकाच वर्षात वडिलांमागे निघून जावेत, आणि ज्या सेवेचे कामच हालचालींचा माग ठेवण्याचे आहे तिने या दोघांवर मिळून आधी एक परिच्छेदही लिहू नये, याला काय म्हणावे? मुलीने मला आश्वासन दिले आहे की मी नोकरी बदलली तरी ती विद्यापीठ बदलणार नाही.

मैदानावरचा हंगाम सहा विजय आणि सात पराभवांवर थांबला. सहाही विजय घरच्या मैदानावरचे होते आणि त्यांत ५ ऑक्टोबरला मिशिगनला २७-१७ असे हरवल्याचा समावेश आहे, त्यामुळे मी फार कुरकुर करत नाही. ३१ डिसेंबरला सन बोल या हंगामअखेरच्या सामन्यात लुईव्हिलकडून ३५-३४ असा पराभव झाला, तोही शेवटी एका गुणाने बरोबरी साधण्याऐवजी विजयासाठी दोन गुणांचा प्रयत्न करून. त्या दिवशी डेमंड विल्यम्स जसा खेळला ते पाहून आम्हाला पुढच्या वर्षाचा क्वार्टरबॅक मिळाला याची खात्री झाली, आणि लगोलग तो पोर्टलमध्ये तर जाणार नाही ना, या काळजीने मी रात्री अकरा वाजता पुन्हा तेच पान उघडले. कंपनी पैसे कशाचे घेते, हे मला तेव्हा नेमके कळले.

आता ९९ डॉलरांचे काय झाले ते सांगतो. सदस्यत्व रद्द करण्याचे बटण खाते, योजना, तपशील, मदत असे करत पाचव्या पानावर सापडले. कारण निवडायला सहा पर्याय होते आणि त्यांत ‘तुम्ही तारखा पुसता’ हा नव्हता, म्हणून मी ‘इतर’ निवडून वहीतल्या अकरा नोंदी क्रमवार टाइप केल्या. चौथ्या दिवशी एका सभ्य बाईंचा फोन आला. त्यांनी माझे सगळे शांतपणे ऐकून घेतले, चूक मान्य केली आणि पूर्ण रक्कम परत करतो असे सांगितले. ती रक्कम कार्डावर न येता माझ्या खात्यावर जमा झाली आहे, म्हणजे ती केवळ याच सेवेसाठी वापरता येते, आणि खात्याच्या पानावर आता ‘पुढील नूतनीकरण: १२ जानेवारी २०२६’ असे लिहिले आहे. या एका तारखेचा मात्र मी स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे.