व्हाइटबोर्ड, तीन चौकोन आणि न पुसले जाणारे आकडे

पावसाळ्याआधी घेतलेला मेलामाइनचा व्हाइटबोर्ड दिवाळीपर्यंत इतका डागाळला की तो बदलून मागावा लागला. विक्रेत्याने मात्र वॉरंटी चौकटीची आहे, पृष्ठभागाची नाही, असे सांगून माझी बोळवण केली. लिहायच्याच जागेची हमी नसलेला फळा विकण्याचे हे धाडस दाद देण्याजोगे आहे.

मी एकट्याने जीएसटीची विवरणपत्रे भरण्याचा व्यवसाय करतो. समोरच्या दुकानदाराला खिशातून किती कर भरावा लागेल आणि का, हे चित्राने दाखवण्यापुरताच मला फळा लागतो. चित्रात बाणांनी जोडलेले तीन चौकोन असतात: पुरवठादार, आपण आणि गिऱ्हाईक. १०,००० रुपयांच्या मालावर १८ टक्क्यांनी १,८०० रुपये कर दिला, तोच माल १२,००० रुपयांना विकून २,१६० रुपये कर गोळा केला, म्हणजे आधी दिलेला कर वजा जाता भरायचे ३६०. इथवर सारे माना डोलावतात. चित्राचा खरा उपयोग पहिल्या बाणावर लाल फुली मारल्यावर होतो. पुरवठादाराने आपल्या जीएसटीआर-१ मध्ये, म्हणजे विक्रीच्या विवरणपत्रात, बिल दाखवले नाही, तर १ जानेवारी २०२२ पासून ती वजावट मिळत नाही आणि पूर्ण २,१६० रुपये खिशातून जातात. ‘बिल तर माझ्याकडे आहे’ हा वाद पूर्वी अर्धा तास चाले. आता ३६० पुसून २,१६० लिहिले की दुकानदार तिथूनच पुरवठादाराला फोन लावतो. खाली मासिक विवरणपत्रांच्या तीन तारखा लिहितो: ११ ला पुरवठादाराचे जीएसटीआर-१, १४ ला आपले २बी (मिळू शकणाऱ्या वजावटीची यादी), २० ला ३बी (कर भरण्याचे विवरणपत्र). केंद्र आणि राज्य यांची ९-९ टक्क्यांची विभागणी मी मुद्दाम दाखवत नाही, कारण बाण दुप्पट झाले की समोरच्याचे लक्ष उडते.

पहिले काही महिने मी हा फळा भेटेल त्याला सुचवत होतो. शाईची बाटली आणून मार्कर पुन्हा भरता येतात, त्यामुळे खर्चही नगण्य होता. पण मेलामाइनचा थर पातळ असतो, पुसून पुसून तो झिजतो आणि शाई आत मुरते. माझ्या फळ्यावर लाल सर्वांत जास्त मुरली, आणि माझी फुली लालच! स्पिरिटने डाग फिके होतात, मात्र त्यानंतर नवे डाग अधिक लवकर धरतात, असे मला आढळले. डाग दिसायला वाईट, ही माझी तक्रार नाही. एका व्यापाऱ्याची उलाढाल त्याच पेठेतल्या दुसऱ्या व्यापाऱ्याला पुसट का होईना वाचता येते, आणि माझा सारा धंदा विश्वासावर चालतो. एकाने तर मान तिरकी करून मागचा आकडा वाचण्याचा उघड प्रयत्न केला.

त्यामुळे माझे मत बदलले. पाठकोरे कागद वापरून पैसे वाचवावेत, तर त्यांच्या मागेही कुणाचे तरी विवरणपत्र छापलेले असते. अखेर कार्बनची डुप्लिकेट वही घेतली. वरचा कागद दुकानदार नेतो आणि प्रत माझ्या फायलीत राहते, त्यामुळे ‘तुम्ही हे सांगितलेच नव्हते’ हे वाक्य जवळजवळ बंद झाले. काहींनी तो कागद गल्ल्यामागे चिकटवला आहे. एवढा उपयोग फळ्याचा कधीच झाला नव्हता.

सिरॅमिकच्या फळ्यावर शाई अशी मुरत नाही, पण त्याची किंमत ऐकून मी दुकानातून परत आलो. तूर्त जुन्या फळ्यावर फक्त वरचे काल्पनिक आकडे लिहितो. खरे आकडे वहीतच.