हॉस्पिटल जर्मनीत, खातं लिथुआनियात

वीस वर्षं मी शाळेत गणित शिकवतेय. तरीही परदेशात ऑपरेशन करून देतो म्हणणाऱ्या भामट्यांपायी 9,23,800 रुपये घालवून बसले. हसायचं त्यांनी आधी हसून घ्या.

अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, डोक्यात पाणी साठतंय, म्हातारपणचा हायड्रोसेफलस आहे, हे कळायलाच दीड वर्ष गेलं. पाय फरशीला चिकटल्यासारखी चाल, लघवीवर ताबा नाही, विसराळूपणा. जो तो म्हणे, वय झालं. मग पुण्याच्या डॉक्टरांनी कमरेतून 40 मिलि पाणी काढून बघितलं आणि त्याच संध्याकाळी अण्णा भिंत न धरता वॉर्डच्या दारापर्यंत गेले. चहावाल्याला हाक मारून आले. ते बघितल्यावर शंट, म्हणजे डोक्यातलं जादा पाणी काढून नेणारी नळी, कधी एकदा बसतोय असं आम्हाला झालं, आणि घाईला आलेलं गिऱ्हाईक ही मंडळी बरोबर हेरतात.

वॉर्डातल्याच कुणाच्या तरी नातेवाइकाने 'कन्सल्टंट'चा नंबर दिला. तो म्हणाला, जर्मनीत शंटला प्रोग्रामेबल व्हॉल्व्ह बसवतात, नंतर दाब कमी-जास्त करायला पुन्हा चिरफाड नको, बाहेरून चुंबकाने होतं. हे खरंच आहे, म्हणून तर विश्वास बसला. तसा व्हॉल्व्ह पुण्यातही बसवतात, हे मात्र तो बोलला नाही. आणि डॉक्टरांना काय वाटेल म्हणून मी त्यांना विचारलं नाही. विचारा हो, काय वाटायचं ते वाटू दे!

फाइल उघडायचे 35,000. रिपोर्ट जर्मनमध्ये करायचे 22,400, जे मुळात इंग्रजीत होते आणि तिथल्या डॉक्टरांना इंग्रजी येतं. मग हॉस्पिटलचं डिपॉझिट 9,500 युरो, म्हणजे 8,66,400 रुपये.

आता बँकेतला तो दिवस. काउंटरवरचा मुलगा, फार तर पंचविशीचा, फॉर्मवर पेन टेकवून म्हणाला, "मॅडम, हॉस्पिटल जर्मनीचं ना? मग खात्याचा नंबर, आयबॅन, एलटीने कसा सुरू होतोय? जर्मनीचा डीईने असतो. एलटी म्हणजे लिथुआनिया." मी तिथूनच एजंटला फोन लावला. "युरोपात आता सगळं एकच आहे मॅडम, इंटरनॅशनल डेस्कचं खातं तिकडे आहे." आणि मी, मी त्या मुलावर खेकसले! अण्णांची तारीख गेली तर तू जबाबदारी घेणार का, म्हणाले. तो गप्प बसला, शिक्का मारला. रात्री झोप लागत नाही ती पैशांपायी कमी, त्या शिक्क्याच्या आवाजाने जास्त.

व्हिसाच्या कागदांसाठी मी हॉस्पिटलच्या वेबसाइटवरच्या नंबरवर फोन केला. या नावाचा पेशंट नाही. एजंटने दिलेल्या हॉस्पिटलच्या पत्रावरचा नंबर तोच होता, शेवटचे दोन आकडे तेवढे वेगळे. पत्रावरच्या नंबरवर कधीच खात्री करू नका.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, नंबर मिळाला, पुढे काही नाही. पोलीस ठाण्यात म्हणाले, पैसे तुम्हीच भरलेत, खातं परदेशातलं, सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, आधी ठाण्यातून आणा. बँकेने रिकॉल मेसेज, म्हणजे पैसे परत मागणारा निरोप, पाठवायलाच चार दिवस लावले. उत्तर एकोणीस दिवसांनी आलं, खात्यात शिल्लक नाही. वर सही तुमचीच आहे, हेही ऐकवलं. गुन्हा दाखल व्हायला तेवीस दिवस लागले, आणि तक्रारीची प्रत हातात आली तर वडिलांच्या आजाराच्या जागी लिहिलं होतं 'हायड्रोसील', म्हणजे अंडकोषात पाणी साठणं. दुरुस्त करा म्हटलं तर हवालदार म्हणाले, "बाई, त्याने काय फरक पडतो?" त्या दुरुस्तीसाठी आणखी दोन हेलपाटे. शाळेची रजा बिनपगारी.

शंट शेवटी पुण्यातच बसला, तोच प्रोग्रामेबल, सगळे मिळून 3,40,000. सोनं मोडलं. एमआरआय काढला की व्हॉल्व्हचं सेटिंग तपासून घ्यायचं, हे डॉक्टरांनी फुकट सांगितलं.

अण्णांना यातलं काही माहीत नाही. चालता चालता विचारतात, "जर्मनीचं काय झालं गं?" व्हिसा मिळाला नाही, म्हणते. आणि त्या कन्सल्टंटचा व्हॉट्सॲपवरचा फोटो बदलतोच आहे. परवा गणपतीचा होता.