संशोधन कार्यशाळा: पहिला दिवस सोडला तरी चालेल, दुसरा चुकवू नये

पीएचडीच्या पहिल्या वर्षातील विद्यार्थी आणि त्यांचे मार्गदर्शक यांच्यासाठी पुण्यातील एका खासगी प्रशिक्षण संस्थेने ‘मूलभूत आणि उपयोजित संशोधन’ या विषयावर दोन दिवसांची कार्यशाळा घेतली, तिला मी माझ्या एका विद्यार्थिनीला घेऊन गेले होते. शुल्क माणशी १८०० रुपये, त्यात दोन वेळचे जेवण, चहा आणि टिपणांची पुस्तिका. संस्थेचे नाव देत नाही, कारण पहिल्या दिवसाबद्दलची माझी तक्रार अशा अनेक कार्यशाळांबद्दल करता येईल. जाण्याचे कारण अगदी व्यावहारिक होते. सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे पीएचडीच्या नियोजित कामाच्या आराखड्यात, ‘संशोधनाचे स्वरूप’ असा एक रकाना असतो आणि विद्यार्थिनीने तिथे ‘उपयोजित’ असे ठोकून दिले होते. ते बरोबर आहे का, हे मलाही नेमके सांगता येत नव्हते.

पहिल्या दिवसाच्या वक्त्यांनी पडद्यावर दोन रकान्यांचा तक्ता लावला आणि तो ओळीने वाचून दाखवला. डावीकडे कुतूहल, उजवीकडे गरज. डावीकडे विद्यापीठ, उजवीकडे उद्योग. डावीकडे भौतिकशास्त्र, उजवीकडे अभियांत्रिकी. हा तक्ता पाठ करून पीएचडी प्रवेशाच्या पेट परीक्षेतला एखादा प्रश्न सुटेलही, पण समोरचे काम कोणत्या रकान्यात बसते हे त्यावरून ठरवता येत नाही. संशोधनाची आकडेवारी गोळा करण्यासाठी अनेक देश जिचा आधार घेतात, ती १९६३ साली इटलीतील फ्रास्काती येथील बैठकीतून निघालेली पुस्तिका मूलभूत संशोधनाची व्याख्या करताना प्रयोगशाळेचा पत्ता किंवा विषयाचे नाव विचारत नाही. कोणताही विशिष्ट उपयोग नजरेसमोर न ठेवता मुख्यतः नवे ज्ञान मिळवण्यासाठी केलेले काम, असे ती म्हणते. नवे ज्ञान उपयोजित संशोधनातही मिळवायचेच असते, फक्त तिथे नजर एखाद्या ठरावीक उद्दिष्टाकडे लागलेली असते. म्हणजे फरक नजरेत आहे. वक्त्यांनी ही व्याख्या पडद्यावर दाखवली खरी, पण ‘नजरेसमोर’ हा शब्द सहज ओलांडून ते पुढच्या चित्राकडे वळले.

पुढचे चित्र, अर्थातच, सर चंद्रशेखर वेंकट रामन यांचे होते. १९२१च्या समुद्रप्रवासातील भूमध्य समुद्राची निळाई, १९२८चा शोध आणि आज औषध कारखान्यांत कच्चा माल तपासणारी हातात मावणारी रामन उपकरणे, अशी सरळ रेघ त्यांनी ओढली. या रेघेतला मधला मोठा तुकडा मात्र गाळला गेला. रामन परिणामात, म्हणजे पदार्थावर आदळून किंचित रंग बदलून, विखुरणारा प्रकाश इतका क्षीण असतो की १९६० साली लेसर येईपर्यंत हे तंत्र वेळखाऊ आणि बरेचसे तज्ज्ञांपुरतेच राहिले, आणि लेसर काही रामन परिणामासाठी शोधला गेला नव्हता. आज मूलभूत काम करा, उद्या त्याचे आपोआप उपकरण होईल, असा निरोप घेऊन मुले जेवायला गेली. जेवण उत्तम होते, हेही नोंदवते.

दुसऱ्या दिवशी एक निवृत्त सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आले आणि त्यांनी पडदा बंदच ठेवला. पाच-सहा जणांच्या प्रत्येक टेबलावर चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा ठेवून ते म्हणाले, ‘दोन ढीग करा.’ आमच्या टेबलावरची पहिली चिठ्ठी अशी होती: ‘विरजणातले काही जिवाणू विषाणूंच्या हल्ल्यातून वाचतात, ते कसे?’ विरजण म्हणजे दुग्धव्यवसाय, म्हणून आम्ही ती बिनदिक्कत ‘उपयोजित’ ढिगात टाकली. दुसरी होती: ‘खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांच्या डीएनएमध्ये तेच तेच तुकडे ठरावीक अंतराने का येतात?’ ती ‘मूलभूत’ ढिगात गेली. मग सरांनी सांगितले की दोन्ही चिठ्ठ्या क्रिस्पर या जनुके कापून बदलण्याच्या तंत्राच्याच इतिहासातल्या आहेत. खाऱ्या पाण्यातल्या जिवांवर स्पेनच्या फ्रान्सिस्को मोहिका यांनी १९९०च्या दशकात काम केले. विरजणाच्या जिवाणूंवर विरजणे बनवणाऱ्या एका कंपनीच्या शास्त्रज्ञांनी. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कंपनीच्या कामातून जिवाणू विषाणूची आठवण आपल्या डीएनएत साठवून ठेवतात हे प्रयोगाने सिद्ध झाले, म्हणजे कारखान्याच्या प्रश्नातून जीवशास्त्राचे एक मूलभूत उत्तर हाती आले. यातूनच पुढे आलेल्या जनुक-कात्रीवर आधारित, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरील उपचाराला २०२३ साली ब्रिटनमध्ये मान्यता मिळाली. गडचिरोली किंवा नंदुरबारमध्ये हा आजार जवळून पाहिलेल्या कुणालाही ही साखळी पुन्हा समजावून सांगावी लागणार नाही.

यानंतर सरांनी प्रत्येक चिठ्ठीखाली दोन ओळी लिहायला लावल्या: प्रश्न कोणाला पडला, आणि ‘काम झाले’ असे तो माणूस कोणत्या दिवशी म्हणेल. माझ्या मते १८०० रुपये या दोन ओळींसाठी वसूल झाले.

माझ्या विद्यार्थिनीने चिठ्ठ्या बाजूला ठेवून स्वतःचाच सिनॉप्सिस या कसोटीला लावला. विषय असा: धातूच्या ऑक्साइडच्या नॅनोकणांनी पाण्यातील रंग काढून टाकणे. प्रस्तावनेत इचलकरंजीचा वस्त्रोद्योग आणि पंचगंगेचे प्रदूषण यांवर दीड पान. प्रयोगात मात्र ऊर्ध्वपातित पाणी, मोजून टाकलेला मेथिलीन ब्लू हा निळा रंग आणि चुंबकीय ढवळणीवरचे बीकर. ‘काम झाले असे कधी म्हणशील?’ या सरांच्या प्रश्नावर तिने प्रामाणिकपणे उत्तर दिले, ‘आकडे लँगम्युअर आयसोथर्मवर बसले की.’ (पृष्ठभागावर किती रेणू चिकटतात हे सांगणारे हे सूत्र.) सर हसले आणि म्हणाले, ‘मग तुझा प्रश्न पृष्ठभागाचा आहे, पंचगंगेचा नाही.’ ते बरोबरच होते. सुती कापडाला सर्रास वापरले जाणारे रिअ‍ॅक्टिव्ह रंग ऋणभारित असतात, मेथिलीन ब्लू धनभारित. शिवाय कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाउसच्या सांडपाण्यात मीठ, खळ आणि एकाच वेळी अनेक रंग असतात, ते बीकरमध्ये कधी आलेलेच नसतात. रसायनशास्त्राच्या विभागांत असे प्रबंध दरवर्षी होतात आणि त्यांतल्या काहींवर मार्गदर्शक म्हणून माझीही सही आहे, हे इथे लिहून ठेवणे योग्य होईल.

त्या आयसोथर्मचा उगम सरांनी जाता जाता सांगितला. आयर्व्हिंग लँगम्युअर हे जनरल इलेक्ट्रिक या दिवे बनवणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत १९०९ साली रुजू झाले. दिव्याची काच आतून काळी पडते ती उरलेल्या हवेमुळे, अशी समजूत होती आणि सगळे अधिकाधिक चांगल्या निर्वाताच्या मागे होते. लँगम्युअर यांनी उलट दिव्यात वेगवेगळे वायू मुद्दाम सोडून काय होते ते पाहिले. काजळी तारेतून उडणाऱ्या टंगस्टनची आहे आणि आत निष्क्रिय वायू भरला तर ते उडणे मंदावते, हे त्यातून कळले आणि वायूभरित दिवे बाजारात आले. तप्त तारेवर वायूचे रेणू कसे बसतात हा त्यांचा प्रश्न मात्र दिवा विकला गेल्यावरही सुटला नव्हता. तो त्यांनी पुढे नेला आणि १९३२ साली पृष्ठभागाच्या रसायनशास्त्रासाठी त्यांना नोबेल मिळाले. पहिल्या दिवसाच्या तक्त्यात या माणसाला कुठे बसवणार?

उणिवा सांगायच्या तर समाजशास्त्र आणि भाषा या विषयांतून आलेल्या मुलांसाठी एकही चिठ्ठी नव्हती. टिपणांच्या पुस्तिकेत पहिल्या दिवसाचा तक्ता जसाच्या तसा आहे, चिठ्ठ्यांचा उल्लेखही नाही. एकाच दिवसाची नोंदणी करता येते का, असे मी विचारले तेव्हा ‘तशी सोय नाही’ असे उत्तर मिळाले. ती सोय त्यांनी करावी.

विद्यार्थिनीने ‘संशोधनाचे स्वरूप’ हा रकाना खोडून ‘मूलभूत’ असे लिहिले आहे आणि इचलकरंजीचे दीड पान काढून टाकले आहे. आता समितीसमोर ‘समाजाला उपयोग काय’ या प्रश्नाला उत्तर द्यायची तयारी आम्ही दोघी मिळून करत आहोत.