लाली उतरवणारे थेंब

ऊसतोडणीच्या हंगामात माझ्या थोरल्या भावाच्या उजव्या डोळ्याला उसाच्या पात्याचा फटका बसला. त्यानंतर त्याची जी फसवणूक झाली, ती ऊसपट्ट्यातील इतर कुटुंबांच्या वाट्याला येऊ नये म्हणून हा अनुभव लिहीत आहे.

आमच्या तालुक्याच्या बाजारपेठेत चष्म्याच्या दुकानाला लागून एका गृहस्थाने नेत्रतपासणी केंद्र थाटले होते. अंगात पांढरा कोट, भिंतीवर अक्षरांचा तक्ता, टेबलावर डोळ्याची प्लास्टिकची प्रतिकृती, असा सगळा सरंजाम होता. त्याने दादाच्या डोळ्यावर बॅटरी मारली, ‘डोळे आलेत’ असे निदान केले आणि हिरव्या स्टिकरवर ‘वनौषधीयुक्त’ छापलेली थेंबांची बाटली ९०० रुपयांना दिली. पावती मिळाली ती चष्म्याच्या फ्रेमची.

दुसऱ्याच दिवशी लाली उतरली, ठणकाही कमी झाला. खरी मेख इथेच होती. त्या थेंबांत स्टेरॉइड होते. ते सूज आणि लाली झपाट्याने दाबते, परंतु त्याच वेळी डोळ्याची प्रतिकारशक्ती दुबळी करते, आणि पात्याच्या जखमेतून आत शिरलेल्या बुरशीला मोकळे रान मिळते. आठवडा उलटण्यापूर्वी बुबुळावर पांढरा ठिपका दिसू लागला. वहिनी दादाला पुन्हा त्याच केंद्रात घेऊन गेल्या, तेव्हा ‘जखम भरत आली की फूल धरतेच’ असे सांगून त्याने दुसरी बाटली गळ्यात मारली. पहिल्या बाटलीपेक्षाही हे वाक्य मला अधिक निर्दयी वाटते, कारण डोळा बिघडत असल्याची ढळढळीत खूण त्याने बरे होण्याची खूण म्हणून विकली.

जिल्ह्याच्या शासकीय रुग्णालयातील डॉक्टर मॅडमनी डोळ्यात पिवळ्या रंगद्रव्याची पट्टी टेकवून निळा प्रकाश टाकला, तेव्हा बुबुळावरची जखम हिरवी चमकली. तिथले खरवडून घेतलेले कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर बुरशीचे तंतू आढळले आणि नॅटामायसिन या बुरशीविरोधी औषधाचे थेंब दर तासाला सुरू झाले. मग त्यांनी बाटलीवरच्या स्टिकरची कड नखाने उचलली. खालच्या मूळ लेबलवर डेक्सामेथासोन (हेच ते स्टेरॉइड) आणि क्लोरॅम्फेनिकॉल (एक प्रतिजैविक) ही नावे होती. किंमत मात्र खरवडून टाकलेली होती. डेक्सामेथासोन हे अनुसूची ‘एच’मधील औषध असून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही.

मॅडमनी वहिनींना बॅटरीच्या उजेडात ज्या खुणा दाखवल्या, त्या घरीही पाहता येण्याजोग्या आहेत. डोळे येतात तेव्हा लाली पापण्यांच्या आतल्या बाजूला दाट असते आणि बुबुळाकडे येताना फिकी होत जाते, चिपडे येतात, बहुधा दुसराही डोळा येतो आणि चिपडे पुसल्यावर नजर पूर्वीसारखीच असते. दादाची लाली याच्या उलट, बुबुळाभोवती कड्यासारखी दाट होती, दुखणे एकाच डोळ्यात होते आणि उजेड त्याला सहन होत नव्हता. पांढऱ्या ठिपक्याच्या कडा पिंजलेल्या कापसासारख्या विस्कटलेल्या होत्या, तर बुबुळाच्या आत तळाशी पिवळसर पांढरी रेघ साचली होती. ती रेघ पुवाची. अशी रेघ दिसली तर सकाळ होण्याची वाट पाहू नये. लाल डोळ्यासोबत नजर धूसर झाली, बाहुली मोठी होऊन उजेडातही आकसेनाशी झाली आणि डोके दुखून उलट्या होऊ लागल्या, तर तो काचबिंदूचा झटका असू शकतो; त्यातही तितकीच तातडी असते. यांपैकी एकही गोष्ट लाली किती उतरली यावरून ठरत नाही, आणि तो गृहस्थ नेमके लालीकडेच बोट दाखवत होता.

दादाचा डोळा वाचला आहे, पण बुबुळाच्या मधोमध व्रण राहिल्यामुळे त्या डोळ्याने त्याला समोरच्या माणसाची फक्त आकृती दिसते, आणि पुढे नेत्ररोपणाचा विचार करावा लागेल असे सांगितले आहे. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीत त्या गृहस्थाचे नाव सापडले नाही. दोन्ही बाटल्या, फ्रेमची पावती आणि रुग्णालयाचे कागद जोडून आम्ही अन्न व औषध प्रशासनाकडे व तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे तक्रार दिली आहे. केंद्राचे शटर सध्या खाली आहे, परंतु शेजारच्या गावच्या आठवडी बाजारात तसल्याच हिरव्या स्टिकरच्या बाटल्या दिसल्याचे कळते. ज्यांनी त्या घेतल्या असतील त्यांनी थेंब थांबवून, बाटली फेकून न देता ती सोबत घेऊन नेत्रतज्ज्ञांकडे जावे.