मनसर ते खवासा : पुलाखालचं गिऱ्हाईक

माहेर सिवनी, सासर नागपूर. या दोन गावांना जोडणाऱ्या महामार्गावरचा मनसर ते खवासा हा जंगलातला रस्ता मी एसटीतून, जीपमधून आणि आता स्वतःच्या गाडीतून केलाय, म्हणून परीक्षण लिहायचा थोडा हक्क सांगते.

गाडीवाल्यांसाठी थोडक्यात : चौपदरी, गुळगुळीत. देवलापारला चहा घ्या. पुढे दाट जंगलात रस्ता खांबांवर चढतो आणि खालचं काही दिसत नाही. मुलं कुरकुरतात. कुरकुरू द्या.

खरी सोय खाली आहे, जनावरांसाठी. पेंच आणि नवेगाव-नागझिरा या व्याघ्रप्रकल्पांना जोडणारी वाघांची वाट इथून जाते. वन्यजीव कायद्याचं 38-ओ कलम म्हणतं, व्याघ्रप्रकल्पांना जोडणारी जागा रस्त्यासारख्या कामाला वापरायची तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची मंजुरी हवी, व्याघ्र प्राधिकरणाचा सल्ला हवा. वाचायला झकास. एरवी अटी घातल्या, सही झाली की फाइल बांधून ठेवतात. अट पाळली का, पाळून वाघाला काही फरक पडला का, हे बघायला कोण जातंय!

इथलं रुंदीकरण वर्षानुवर्षं रखडलं, प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. खड्ड्यांत कंबर मोडून घेताना ‘वाघाचं बघता, माणसाचं कोण बघणार’ म्हणणाऱ्यांत मीही होते. शेवटी 9 ठिकाणी प्राण्यांना खालून वाट ठेवली, 50 मीटरपासून 750 मीटरपर्यंत रुंद.

आणि मग चक्क तपासायला परत आले! 2019 मध्ये मार्च ते डिसेंबर देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेनं खाली कॅमेरे लावले. 18 जातींच्या रानजनावरांचे 5,450 फोटो मिळाले. चितळ सगळ्यात जास्त, रानकुत्रीही होती. वाघ 89 वेळा. पट्टे जुळवून पाहिले तर 11 निरनिराळे. ते वाचून मी माझं जुनं वाक्य गिळलं.

पाचपैकी चार तारे. एक कापला, कारण आधी रस्ता ठरला, मग वाघ आठवला. उलट केलं असतं तर इतकी वर्षं वाया गेली नसती. शिवाय दोन पुलांच्या मधला रस्ता जमिनीवरच आहे. तिथे हरणं वरूनच येतात, तेव्हा वेग आवरा.

आणि वाघ बघायला पुलावर गाडी थांबवू नका. मागून ट्रक येत असतो, आणि खालचा वाघ तुमच्यासाठी थांबलेला नसतो.